एक चाल, दोन देश : पॅट्सी गॅलंट ह्यांच्या गायनाचा भाषिक विचार

१९७६ साली कॅनडात ‘फ्रॉम न्यूयॉर्क टू एल. ए.’ ह्या नावाची एक इंग्रजी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. गायिका पॅट्सी गॅलंट. ठेका त्या काळी नृत्यगृहांतून सर्वत्र ऐकू येणारा डिस्कोचा. विषय दोन अमेरिकन शहरांत तारका म्हणून मिरवणाऱ्या एका गायिकेचे मनोगत. पुढच्या वर्षी ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत हे गीत सहाव्या स्थानापर्यंत चढले. तेथील श्रोत्याला त्यात नाचण्याजोगे एक आकर्षक गाणे ह्यापलीकडे काही जाणवण्याचे कारण नव्हते. क्वेबेकमधील श्रोत्याची गोष्ट निराळी होती. पहिल्या काही स्वरांतच त्याला ओळखीची खूण पटे, आणि त्याच्या संतापाचे मूळही त्या ओळखीतच होते. ती चाल झिल व्हिन्यो ह्यांच्या ‘मों पेई’, म्हणजे ‘माझा देश’, ह्या गीताची होती.

गॅलंट ह्यांच्या कारकीर्दीचा विचार ह्या एका गीताभोवती करणे काहीसे अन्यायाचे वाटेल. त्यांनी ह्याच्या आधी गायिले आणि ह्याच्या नंतरही गायिले. परंतु जनमानसात त्यांचे नाव ह्याच गीताशी कायमचे जोडले गेले आहे, आणि ह्या गीताने उपस्थित केलेला प्रश्न केवळ एका गायिकेपुरता नाही. एखाद्या गीताची चाल तीच ठेवून शब्द निराळ्या भाषेतले घातले, तर ते मूळ गीताचे भाषांतर होते, विडंबन होते, की अपहरण होते? क्वेबेकमध्ये अनेकांनी तिसरा पर्याय विनाविलंब निवडला. तो निवडताना भाषेविषयी कोणती गृहीते त्यांच्या मनात होती, ती तपासून पाहण्यासारखी आहेत.

प्रथम मूळ गीत. ते व्हिन्यो ह्यांनी १९६४ मध्ये रचले, ते आर्थर लामोत ह्यांच्या ‘मानिकुआगानवरचा बर्फ वितळला’ ह्या आशयाचे नाव असलेल्या चित्रपटासाठी. क्वेबेकच्या उत्तर भागातील मानिकुआगान नदीवर त्या वेळी प्रचंड धरणाचे काम चालू होते व चित्रपटाची पार्श्वभूमी तीच होती. १९६५ साली मोनिक लेराक ह्यांनी पोलंडमधील सोपोत येथील आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवात हे गीत गाऊन पारितोषिक मिळविले, आणि एका चित्रपटाचे गीत पाहता पाहता एका समाजाचे गीत झाले. त्याच्या रचनेची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. देश, बाग, वाट अशा नित्याच्या शब्दांना त्यांचा नित्याचा अर्थ आधी नाकारावयाचा आणि मग त्या रिकाम्या जागी ऋतू, भूमी, हिम ह्यांना आणून बसवावयाचे, अशी ती रीत. ह्यामुळे ‘देश’ हे पद ह्या गीतात एखाद्या भूप्रदेशाचे नाव राहत नाही. ते एक मोकळे चिन्ह होते. संपूर्ण गीतात एकाही गावाचे, नदीचे वा प्रांताचे नाव नाही. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल, परंतु गीताचे पुढचे सारे भवितव्य तीत सामावलेले आहे. चिन्ह मोकळे असले म्हणजे ते भरण्याचे काम श्रोत्यांकडे जाते, आणि १९६० नंतरच्या क्वेबेकमधील श्रोत्यांनी ते आपल्या प्रांताच्या नावाने भरले.

वस्तुतः गीताचा आशय ह्याहून उदार आहे. वडिलांनी बांधलेल्या घराशी एकनिष्ठ राहण्याचा संकल्प त्यात आहे, हे खरे. पण त्या घरात पाहुण्यांची खोली आहे, पृथ्वीवरच्या कोणाही माणसासाठी शेकोटी आणि जागा सिद्ध ठेवण्याची भाषा आहे, आणि जो कोणी माणूस तो आपल्याच वंशाचा, असा भावही आहे. राष्ट्रगीतासारखे म्हटले जाऊ लागताच ह्या आतिथ्याचा आवाज क्षीण झाला व निष्ठेचा तेवढा ऐकू येत राहिला. सामुदायिक गायनात असे बहुधा होते. समूहाला ध्रुवपद पाठ असते. कडवी ज्याची त्याने आठवावयाची.

आता गायिका. पॅट्सी गॅलंट ह्यांचा जन्म १९४८ साली न्यू ब्रन्झविक प्रांतातील कॅम्बेल्टन येथे झाला. हे गाव रेस्टिगूश नदीच्या काठी आहे आणि नदीच्या पैलतीरावर क्वेबेक आहे. म्हणजे ज्या ‘देशा’चा द्रोह केल्याचा ठपका पुढे त्यांच्यावर आला, तो त्यांना लहानपणी पाण्यापलीकडे दिसत असे, त्या स्वतः त्यात जन्मलेल्या नव्हत्या. त्या अकेडियन. सतराव्या शतकात अटलांटिकच्या किनाऱ्यावर वसलेल्या आणि १७५५ पासून इंग्रजांनी देशोधडीला लावलेल्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे जे वंशज परत येऊन किंवा लपूनछपून टिकून राहिले, त्यांचा हा समाज. क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषक बहुसंख्य आहेत. न्यू ब्रन्झविकमध्ये ते सुमारे एकतृतीयांश आहेत. त्या प्रांताने १९६९ साली दोन्ही भाषांना अधिकृत स्थान दिले, पण कायदा होण्यापूर्वीही तेथील फ्रेंच माणसाला इंग्रजीवाचून दुकान, कचेरी, गिरणी ह्यांपैकी काहीच फारसे साधत नसे. अकेडियन माणसाच्या तोंडी द्वैभाषिकता ही नित्याची गरज म्हणून आली. भूमिका घेऊन त्याने ती पत्करलेली नाही. गायिकेचे नावच ह्याची साक्ष देते. आडनाव फ्रेंच, त्याचा फ्रेंच उच्चार ‘गालाँ’च्या जवळचा, पाळण्यातले म्हणावे असे लाडके नाव मात्र अस्सल इंग्रजी वळणाचे.

वयाच्या पाचव्या वर्षापासून त्या बहिणींसह ‘गॅलंट सिस्टर्स’ ह्या नावाने गात होत्या. पुढे कुटुंब माँट्रियलला आले. १९६७ मध्ये त्या एकट्या गाऊ लागल्या आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या ध्वनिमुद्रिका दोन्ही भाषांत निघू लागल्या. ह्या काळातील त्यांच्या गाण्यांविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. आवाज भरदार, वरच्या पट्टीत न डगमगणारा. गाणी मात्र त्या काळच्या शेकडो गाण्यांसारखी. त्यांच्या आवाजाला जे हवे होते ते डिस्कोने दिले, म्हणजे एक अखंड, बळकट, बिनचूक ठेका, ज्यावर आवाजाने बिनधास्त भार टाकावा.

माँट्रियल हे त्या दशकात उत्तर अमेरिकेतील डिस्कोच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होते, ही गोष्ट आता बरीचशी विसरली गेली आहे. तेथील नृत्यगृहांत न्यूयॉर्कची ताजी गाणी वाजत, आणि तेथील स्टुडिओंतून निघालेली गाणी न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत जात. १९७९ साली फ्रान्स झोली ही त्याच परिसरातील सोळा वर्षांची मुलगी ‘कम टू मी’ हे इंग्रजी गीत गाऊन अमेरिकेत गाजली. तिचे नावच ‘फ्रान्स’, तरी तिने इंग्रजीत का गावे असा आक्षेप कोणी गंभीरपणे घेतल्याचे आढळत नाही. तेव्हा फ्रेंच गायिकेने इंग्रजीत गाणे हा अपराध नव्हताच. अपराध होता तो त्या विशिष्ट चालीवर इंग्रजीत गाणे हा.

ह्या ठिकाणी चाल आणि शब्द ह्यांच्या संबंधाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. फ्रेंच भाषेत आघात हा शब्दाचा गुणधर्म नसून पदबंधाचा असतो. तो पदबंधाच्या अंतिम अक्षरावर येतो. व्हिन्यो ह्यांच्या ध्रुवपदाचा आरंभ तीन-तीन अक्षरांच्या लहान गटांनी होतो आणि प्रत्येक गटाचे तिसरे अक्षर आघातयुक्त आहे. दोन हलकी पावले आणि एक भक्कम पाऊल, अशी ती चाल बर्फातून चालणाऱ्याच्या पावलांसारखी पुढे सरकते. इंग्रजीची प्रकृती ह्याच्या उलट आहे. तिच्यातील घरगुती, दोन अक्षरी नामे बहुधा पहिल्या अक्षरावर आघात घेतात. अशा भाषेत अंत्याघाती गटांची माळ गुंफावयाची तर शब्द शोधावे लागतात, आणि सापडतात ते थोडे.

गीताच्या नावाकडेच पाहावे. ‘फ्रॉम न्यूयॉर्क’ हा तीन अक्षरांचा गट आहे, आघात तिसऱ्यावर. ‘टू एल. ए.’ हाही तीन अक्षरांचा गट, आघात तिसऱ्यावर. इंग्रजीत ‘न्यूयॉर्क’ ह्या नावात ‘यॉर्क’वर जोर पडतो, आणि आद्याक्षरांनी बनलेल्या नावात शेवटच्या अक्षरावर. ‘लॉस एंजेलिस’ असे पूर्ण नाव घातले असते तर ओळ मोडली असती. लंडन, बॉस्टन, टोरँटो ह्यांपैकी कोणतेही शहर, त्याची कीर्ती कितीही असो, फ्रेंच आघाताच्या त्या साच्यात बसत नाही. इंग्रजी शब्द लिहिणारे जीन विल्यम्स ह्यांनी हा विचार जाणीवपूर्वक केला असेल किंवा कानाने साधला असेल. त्याने फरक पडत नाही. परिणाम असा की हे गीत शब्दांनी इंग्रजी असले तरी त्याच्या हाडामांसात फ्रेंचचा आघात तसाच राहिला आहे. न्यूयॉर्क आणि एल. ए. ही शहरे ह्या गीतात आली ती वैभवाची प्रतीके म्हणून, असे सामान्यतः समजले जाते. ती एका हिवाळी गीताच्या छंदाने निवडली, असेही म्हणता येईल.

डिस्कोच्या ठेक्याने मात्र खरा बदल केला. प्रत्येक मात्रेवर सारख्याच जोराने पडणारा मोठ्या ढोलाचा ठोका, मिनिटाला सुमारे १२० अशा गतीने, हे ह्या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण. मूळ गीतात गटांच्या मध्ये विराम आहेत. एक विधान नाकारल्यावर दुसरे मांडण्यापूर्वी गायक क्षणभर थांबतो आणि त्या थांबण्यातच अर्थ साकळतो. डिस्को कोणासाठीही थांबत नाही. विरामाची जागा ढोल भरून काढतो. त्यामुळे मूळ गीतातील नकार-होकाराची जी द्विधा रचना होती तिला ह्या नव्या रूपात वावच उरला नाही, आणि इंग्रजी शब्दांत ती नाहीही. तेथे नुसती विधाने आहेत, एकामागून एक. साहित्य म्हणून हे शब्द सामान्य आहेत, ह्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मूळ गीतात एकही स्थलनाम नाही. ह्यात दोन आहेत आणि दोन्ही परक्या देशातली. मोकळे चिन्ह भरले गेले, आणि तेही शहरांच्या नावांनी.

परंतु ‘सामान्य’ असणे वेगळे आणि ‘द्रोही’ असणे वेगळे. येथे श्रोत्यांचे दोन वर्ग करणे आवश्यक आहे. ज्याला मूळ गीत ठाऊक नाही त्याच्यापुरते इंग्रजी गीत एकेरी आहे. ते जे म्हणते तेवढेच म्हणते. ज्याला मूळ गीत पाठ आहे त्याला मात्र दोन पाठ एकाच वेळी ऐकू येतात, एक कानाला आणि दुसरा स्मृतीला. त्याच्या दृष्टीने जेथे ‘देश’ होता तेथे आता ‘तारका’ आहे, जेथे हिवाळा होता तेथे शहर आहे. शब्दांच्या ह्या आदेशातून, कोणी न उच्चारलेले असे एक तिसरेच विधान त्याला ऐकू येते : हा देश सोडला. असे विधान गीताच्या संहितेत नाही. ते दोन संहितांच्या परस्परसंबंधातून निर्माण झाले आहे आणि ते ऐकण्यासाठी श्रोता क्वेबेकचा असावा लागतो. त्यातही काळ पाहावा. १९७६ च्या १५ नोव्हेंबरला रने लेव्हेक ह्यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्यवादी पक्ष क्वेबेकमध्ये सत्तेवर आला. १९७७ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच भाषेची सनद ह्या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला. ज्या महिन्यांत दुकानांच्या पाट्यांची भाषा हा राजकारणाचा विषय झाला होता, त्याच महिन्यांत समाजाचे हे लाडके गीत नृत्यगृहांतून इंग्रजीत घुमत होते. संताप समजण्यासारखा आहे.

समजण्यासारखा असला तरी तो तपासला पाहिजे. इंग्रजी गाण्यांच्या चालींवर फ्रेंच शब्द बसवून गाणे हा क्वेबेकच्या गायकांचा १९६०च्या दशकातला नित्याचा व्यवसाय होता. १९७५ साली, म्हणजे अवघ्या एका वर्षापूर्वी, नॅनेट वर्कमन ह्यांनी ‘लेडी मार्मालेड’ हे अमेरिकन गीत फ्रेंचमध्ये गाऊन क्वेबेकमध्ये मोठे यश मिळविले होते. (गंमत अशी की मूळ इंग्रजी गीतातच एक फ्रेंच प्रश्न होता आणि अर्थ न कळणारे लाखो लोक तो आनंदाने गात होते.) त्या वेळी कोणी अमेरिकेचे काही लुबाडले गेले असे म्हटले नाही. चाल इंग्रजीकडून फ्रेंचकडे आली की ती आत्मसात केली जाते. फ्रेंचकडून इंग्रजीकडे गेली की ती हिरावली जाते. कृती एकच, दिशा निराळी. आणि दिशेला अर्थ येतो तो दोन भाषांच्या बळातील विषमतेमुळे. लहान भाषा मोठीकडून घेते तेव्हा मोठीचे काही उणे होत नाही. उलट घडले तर लहान भाषेला आपल्या घरातले भांडे शेजाऱ्याच्या घरी दिसल्यासारखे वाटते.

तरीही केवळ दिशेने ह्या प्रकरणाचा उलगडा होत नाही. क्लोद फ्रांस्वा ह्यांचे १९६७ मधील ‘कॉम दाबित्यूद’ हे फ्रेंच गीत, पॉल अँका ह्यांनी नवे इंग्रजी शब्द लिहिल्यावर, १९६९ साली फ्रँक सिनात्रा ह्यांच्या आवाजात ‘माय वे’ म्हणून जगभर गेले. तेथेही आशय समूळ बदलला : जिव्हाळा आटलेल्या दांपत्याचा दिनक्रम जाऊन आत्मगौरव आला. फ्रान्सला त्यात अपमान वाटला नाही. फ्रेंच संगीताचा तो विजयच मानला गेला. फ्रान्सला आपली भाषा उद्या राहील की नाही ही चिंता नसते. क्वेबेकला असते. त्यामुळे एकाच प्रकारचे शब्दांतर एका ठिकाणी कीर्ती ठरते व दुसऱ्या ठिकाणी द्रोह.

मराठी वाचकाला ह्या प्रकाराचे नवल वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्रा’पासून मराठी रंगभूमीने कानडी, हिंदुस्थानी अशा परभाषांतील चालींवर पदे रचली, आणि छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गीत नमूद करण्याची प्रामाणिक प्रथा पाडली. चाल ही शब्दांहून वेगळी, देता-घेता येणारी वस्तू आहे, हे त्या एका छापील शब्दात गृहीत धरलेले आहे. गॅलंट ह्यांच्या ध्वनिमुद्रिकेवरही रचनाकार म्हणून व्हिन्यो ह्यांचे नाव होतेच. चोरी म्हणावी असे काही तेथे नव्हते.

आणखी एक गोष्ट. कॅनडाच्या नभोवाणी-नियमांनुसार १९७१ पासून आकाशवाणी केंद्रांवर ठराविक प्रमाणात, मध्यम लहरींच्या केंद्रांवर तीस टक्के, कॅनडाचे संगीत वाजविणे बंधनकारक झाले. एखादे गीत ‘कॅनडाचे’ ठरविण्यासाठी संगीत, कलावंत, ध्वनिमुद्रण आणि शब्द ही चार अंगे स्वतंत्रपणे तपासली जात व त्यांपैकी दोन पुरेशी होत. संगीत व्हिन्यो ह्यांचे, गायिका गॅलंट : एवढ्यावरच हे गीत निर्विवाद कॅनडाचे. इंग्रजी केंद्रे व्हिन्यो ह्यांचे फ्रेंच गीत सहसा लावीत नसत; ती ह्या रूपात त्यांची चाल दिवसातून अनेकदा लावू लागली. कायद्याने गीताचे चार तुकडे केले आणि बेरीज करून त्याला नागरिकत्व दिले. क्वेबेकच्या श्रोत्याला ही बेरीज मान्य नव्हती, कारण त्याच्या हिशेबी शब्द हे चारांतले एक अंग नसून गीताचा प्राण होते. दोन्ही पक्षांजवळ गीताची व्याख्या होती. एकीत भाषा होती पंचवीस टक्के, दुसरीत शंभर.

गॅलंट ह्यांना दोष द्यावयाचाच तर तो निराळ्या कारणासाठी द्यावा लागेल. ज्या आवाजात मूळ गीताचे आतिथ्य पेलण्याची ताकद होती, त्याला त्यांनी बढाईच्या शब्दांवर खर्ची घातले. ही कलेतील निवड आहे आणि तिच्यावर कलेच्याच निकषांनी बोलावे. देशाच्या नावाने त्यांना जाब विचारणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली दिसत नाही. व्हिन्यो ह्यांचे गाव नाताश्कवान हे १८५५ साली वसविले ते मादलेन बेटांवरून आलेल्या अकेडियन कुटुंबांनी, आणि व्हिन्यो स्वतः त्यांचेच वंशज. म्हणजे गीत लिहिणारा आणि ते ‘बाटविणारी’, दोघेही एकाच उखडल्या गेलेल्या समाजाची मुले. एकाचे पूर्वज उत्तरेला सरकले व त्यांच्या नातवंडांना क्वेबेक हा देश मिळाला. दुसरीचे नदीच्या अलीकडे राहिले. तिला देश म्हणून हाती आली ती एक सुरेख चाल.

पुढील प्रवास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. १९७७ व १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांना सर्वोत्कृष्ट गायिकेचा जूनो पुरस्कार मिळाला. सीटीव्ही ह्या इंग्रजी दूरचित्रवाणी जाळ्यावर त्यांच्या नावाचा कार्यक्रम झाला. ‘शुगर डॅडी’सारखी आणखी काही गाणी गाजली, त्यांत चर्चेजोगे काही नाही. दशक संपता संपता डिस्कोची लाट ओसरली. १९७९ च्या जुलैत शिकागोच्या क्रीडांगणावर डिस्कोच्या ध्वनिमुद्रिकांचा ढीग समारंभपूर्वक स्फोटाने उडविण्यात आला, आणि ज्या गायिकांची कीर्ती केवळ त्या ठेक्यावर उभी होती त्या मागे पडल्या. गॅलंट ह्यांच्याजवळ दुसरी भाषा होती.

१९९०च्या दशकात पॅरिसमध्ये ‘स्टारमानिया’ ह्या गीतनाट्याच्या नव्या प्रयोगात त्यांनी स्टेला स्पॉटलाइट ही भूमिका केली. शब्द क्वेबेकचे ल्यूक प्लामोंदों ह्यांचे, संगीत फ्रान्सचे मिशेल बर्जे ह्यांचे. १९७९ च्या पहिल्या प्रयोगात ही भूमिका क्वेबेकच्याच दियान द्युफ्रेन ह्यांनी केली होती. स्टेला ही एके काळची प्रख्यात चित्रतारका; वय झाले आहे, कीर्ती सरत आली आहे आणि ती गेल्यावर आपण कोण उरतो हे तिला ठाऊक नाही. दोन शहरांत तारका असल्याचे इंग्रजीत मिरविणाऱ्या गीतानंतर सुमारे दोन दशकांनी हीच गायिका तारकापदाच्या अस्ताचे गाणे फ्रेंचमध्ये, फ्रेंचांच्या राजधानीत, क्वेबेकच्या कवीच्या शब्दांत गात होती. ह्या वेळी चाल आणि शब्द एकमेकांसाठीच केलेले होते, आणि विरामांच्या जागी ढोल नव्हता.